हरभऱ्याची मर आणि बुरशीच्या दोन भुका : प्रकल्प नोंदी, नागपूर

११ नोव्हेंबर २०२४

आजपासून नोंदी सुरू. बुरशी फ्युझारियम ऑक्सिस्पोरम, तिचा हरभऱ्यावर येणारा सिसेरिस प्रकार. म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत मर. सोयाबीन निघालं की विदर्भात वावरात हरभरा पडतो, आणि पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत काही झाडं माना टाकू लागतात. उरलेली फुलोऱ्यात किंवा घाटे धरताना जातात. जमिनीत या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत टिकतात, त्यामुळे एका हंगामाच्या फेरपालटाने ती हटत नाही.

प्रश्न असा: ही बुरशी मुळातून शिरून झाडाच्या जलवाहिन्यांत वाढते. तिथलं पाणी तसं पातळच. त्यात तिला अमिनो आम्लं कुठून मिळतात, कोणती स्वतः बनवावी लागतात, आणि हे ठरवणारी जनुकं रोग घडवण्याच्या ताकदीशी कशी जोडलेली आहेत?

मला वाटतं, इथे दोन भुका वेगळ्या धरल्या पाहिजेत. पहिली नत्राची. पेशीत ग्लुटामिन कमी झालं की एआरई-ए नावाचं नियामक प्रथिन जागं होतं आणि नायट्रेट, प्युरीन, प्रथिनं अशा दुय्यम स्रोतांतून नत्र काढणारी जनुकं चालू करतं. ग्लुटामिन भरपूर असलं की ही सगळी यंत्रणा बंद. दुसरी भूक एखाद्या ठरावीक अमिनो आम्लाची. घरात धान्याची कोठी शिगोशीग भरलेली, पण मीठ संपलेलं, अशी ती अवस्था. नत्र मुबलक आहे पण हिस्टिडिन नाही, तर प्रथिन बनणं तिथेच थांबतं. या भुकेची दखल घेणारी यंत्रणा पूर्ण वेगळी आहे. ती यीस्टमध्ये जीसीएन-४ या प्रथिनाभोवती फिरते, तंतुमय बुरशींमध्ये सीपीसी-१ किंवा सीपीसी-ए या नावाने ओळखली जाते.

हरभऱ्याच्या जलवाहिन्यांतून नत्र मुख्यतः अ‍ॅस्परॅजिन आणि ग्लुटामिन या रूपात वर चढतं. मग तिथे पहिली भूक भागलेली आणि दुसरी पेटलेली, असं असेल का? माझ्या मार्गदर्शक मॅडमना हा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, “प्रश्न चांगला आहे, पण तुझ्या हाताशी जे आहे त्यातून उत्तर निघेल असा प्रयोग आधी कागदावर लिही. मग बोलू.”

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, कॉलेज बंद. सकाळी मत देऊन आले आणि दिवसभर वाचन.

दुसऱ्या भुकेची यंत्रणा पुन्हा एकदा मुळापासून समजून घेतली, कारण पुढचे सगळे प्रयोग तिच्यावर बेतलेले आहेत. अमिनो आम्ल वाहून आणणारे टी-आरएनए रिकामे फिरू लागले की जीसीएन-२ हे विकर त्यांना ओळखतं. ते ईआयएफ-२ या घटकाला फॉस्फेट जोडतं, आणि पेशीतलं एकूण प्रथिन बनवणं मंदावतं. खुबी पुढे आहे. जीसीएन-४ च्या संदेशात (एम-आरएनएत) खऱ्या जनुकाच्या आधी चार छोट्या वाचन-चौकटी असतात. एरवी रायबोसोम त्या चौकटींमध्येच गुंतून गळून पडतात. उपासमारीत मात्र रायबोसोमला पुन्हा सज्ज व्हायला उशीर लागतो, आणि त्या उशिरातच तो उरलेल्या चौकटी ओलांडून खऱ्या आरंभापाशी पोचतो. बाकी प्रथिनं कमी बनत असताना हे एकच जास्त बनतं. न्युरोस्पोरा आणि अ‍ॅस्परजिलसमध्ये अशा दोन चौकटी आहेत, तत्त्व तेच. जीसीएन-४ मग ५०० हून अधिक जनुकांवर परिणाम करतं. कमतरता एकट्या हिस्टिडिनची असली तरी आर्जिनिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन अशा अनेक मार्गांची विकरं एकदम वाढतात. एका वाटेवरची टंचाई सगळ्या वाटा जाग्या करते, म्हणून त्याला आडव्या मार्गांचं नियंत्रण म्हणतात.

आता रोगाशी संबंध. जर्मनीत ग्योटिंगेनच्या गटाने २००४ मध्ये अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसमधून, म्हणजे माणसाच्या फुप्फुसात रोग करणाऱ्या बुरशीतून, सीपीसी-ए जनुक काढून टाकलं. प्रतिकारशक्ती कमी केलेल्या उंदरांमध्ये त्या बुरशीची मारकता स्पष्ट घटली. पण २००८ मध्ये उपासमार ओळखणारं विकरच (जीसीएन-२ चं जुळं, सीपीसी-सी) काढलं, तेव्हा मारकता तशीच राहिली! हे वाचून मी बराच वेळ थांबले. धोक्याची सूचना देणारा नसला तरी चालतं, पण ज्याला सूचना द्यायची तो नियामक हवाच. म्हणजे रोगासाठी सीपीसी-ए ची रोजची, मूळ पातळी महत्त्वाची असावी, टंचाईत होणारी वाढ तितकी नसावी.

वनस्पतींच्या बाजूने २०१३ चं व्हर्टिसिलियमवरचं काम माझ्या विषयाच्या सर्वांत जवळचं. तीही जलवाहिन्यांत राहणारीच बुरशी. तिच्यात सीपीसी-१ दाबलं किंवा काढलं की ती अमिनो आम्लांच्या टंचाईला हळवी होते, आणि टोमॅटोवरचा रोगही सौम्य पडतो. फ्युझारियमची वस्ती तीच, मग इथेही हे का नसावं?

लायसिनबद्दल एक टिपण, पुढे लागेल म्हणून. माणूस लायसिन बनवू शकत नाही. वनस्पती बनवतात, पण बुरशींपेक्षा वेगळ्या मार्गाने. बुरशींचा अल्फा-अमिनोअ‍ॅडिपेट मार्ग दोघांकडेही नाही. बुरशीविरोधी औषध शोधणारे त्या मार्गाकडे आशेने बघतात ते यामुळेच.

२६ नोव्हेंबर

कळमेश्वर तालुक्यात एका वावरात गेलो. काळी भारी जमीन, ठिबक नाही, तुषार संच. कडेच्या भागात पट्ट्यापट्ट्यांनी झाडं मलूल झालेली. वावराचे मालक, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, म्हणाले, “पाणी बरोबर देलं, बियाण्याले औषध बी लावलं होतं, तरी हे पट्टेच्या पट्टे सुकून रायले.”

सुकलेलं प्रत्येक झाड मरीचं नसतं. मानकुजव्यात खोडाच्या गळ्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसतात. कोरड्या मूळकुजीत मुळं ठिसूळ होतात, उपटताना सोटमूळ तुटून खालीच राहतं. म्हणून जी झाडं अख्ख्या मुळासकट आली, बाहेरून मूळ निरोगी दिसलं आणि पानं हिरवट असतानाच लोंबत होती, तीच घेतली. ब्लेडने गळ्यापासून वर खोड उभं चिरलं. साल आणि गाभा पांढरट, आणि मधोमध पेन्सिलीने ओढल्यासारखी काळपट तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजे भरून गेलेल्या जलवाहिन्या. शेजारच्या निरोगी झाडाचं खोड चिरून काकांच्या हातात दिलं, मग हे. त्यांनी दोन्ही उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “म्हणजे पाणी खाली हाय, पण वर चढूनच नाही रायलं.” नेमकं तेच.

निघताना त्यांनी विचारलं, “युरिया थोडा जास्त मारला तं थांबंन का?” मी म्हटलं, “काका, आत्ता सांगू शकत नाही. काही दिसलं की येऊन सांगते.” या प्रश्नाला माझ्या प्रयोगातून काहीतरी उत्तर देता आलं पाहिजे, असं परतीच्या वाटेवर सारखं वाटत राहिलं.

२९ नोव्हेंबर

खोडाचे तुकडे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये धुऊन, निर्जंतुक पाण्यात खळबळून, बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर लावले. स्ट्रेप्टोमायसिन घातलं आहे. इनक्युबेटर २७ अंशांवर.

९ डिसेंबर

कापसासारखी पांढरी वाढ, जुन्या भागात फिकट जांभळी छटा. एकबीजाणू पद्धतीने शुद्ध केलं. सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या देठांवर मूत्रपिंडाच्या आकाराच्या लहान बीजाणूंचे पुंजके, आणि अधूनमधून विळ्यासारखे मोठे बीजाणू. देठ आखूड आहेत हे महत्त्वाचं. लांब असते तर फ्युझारियम सोलॅनीचा संशय घ्यावा लागला असता. प्रजाती पक्की करायला टीईएफ-१ जनुकाचा तुकडा क्रमनिर्धारणासाठी पाठवायचा.

पण प्रजाती कळली म्हणजे ती हरभऱ्याची मर हे ठरत नाही. सिसेरिस प्रकार खात्रीने ठरतो तो झाडावर. जेजी ६२ हे मरीला सहज बळी पडणारं वाण आणि डब्ल्यूआर ३१५ हे टिकणारं, दोन्हींचं बियाणं मिळालं. रोपं वाळूत टाकली.

१७ डिसेंबर

हिवाळी अधिवेशन सुरू. सीताबर्डीकडचे रस्ते बंद, त्यामुळे लवकर निघून सकाळच्या थंडीतच लॅबमध्ये. रस गोळा करायला हीच वेळ योग्य होती.

आदल्या संध्याकाळी कुंड्यांना भरपूर पाणी दिलेलं. सकाळी गळ्याच्या थोडं वर खोड कापलं की मुळांच्या दाबाने कापाच्या तोंडावर थेंब जमतो. पहिला थेंब टिपून टाकायचा, कारण त्यात चिरडलेल्या पेशींचा रस असतो. पुढचे थेंब केशनळीत. एका झाडाचा रस फार थोडा येतो, घाई करून चालत नाही. सहकारी मैत्रीण नळ्या बर्फात ठेवत गेली.

हा रस सिलिका प्लेटवर, ब्युटनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात चढवला. वाळवून निनहायड्रिन फवारलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. आधी काहीच दिसत नाही, मग एकेक ठिपका वर येतो. बहुतेक अमिनो आम्लं जांभळी दिसतात. अ‍ॅस्परॅजिनचा ठिपका मात्र तपकिरी, त्यामुळे शेजारी प्रमाण नमुना नसता तरी ओळखू आला असता. आमच्या रसात तोच सर्वांत ठळक. त्याखालोखाल ग्लुटामिन. हिस्टिडिन, लायसिन, मेथिओनिन यांच्या जागी इतकं फिकट, की डोळ्यांनी नीट सांगता येत नाही.

यात नवल नाही, हरभरा अमाइड वाहून नेणारं कडधान्य आहे हे पूर्वीपासून ठाऊक आहे. तरी आपल्याच हातच्या प्लेटवर ते पाहिलं की प्रश्न जिवंत होतो. या पाण्यात नत्र आहे, पण बुरशीला लागणारी बहुतेक अमिनो आम्लं तिला स्वतःच घडवावी लागणार.

तुरीचा विचार मनात आला. तूर नत्र मुख्यतः अ‍ॅलँटॉइन, अ‍ॅलँटॉइक आम्ल या युरिआइडच्या रूपात वर पाठवते. तुरीची मर करणारी फ्युझारियम उडम ही याच कुळातली, पण तिच्या जलवाहिन्यांतलं ताट पूर्ण वेगळं. आपल्या वावरात हरभरा आणि तूर शेजारी शेजारी असतात. दोन्ही बुरशींची तुलना करायला याहून चांगली जागा कुठे मिळेल?

३ जानेवारी २०२५

सेलोफेनचा प्रयोग, म्हणजे बुरशीच्या भेदून आत शिरण्याची प्लेटवरची चाचणी. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या गटाने २०१० मध्ये टोमॅटोवरच्या फ्युझारियममध्ये दाखवलं, की नायट्रेटवर वाढणारी बुरशी सेलोफेन भेदून खाली जाते, अमोनियमवर वाढणारी जात नाही. अमोनियमच्या उपस्थितीत तंतू एकमेकांना जोडले जाणं आणि मुळाला चिकटणंही दबतं. ही दडपणूक टॉर विकर आणि मिया-बी नियामक यांच्या मार्फत होते. त्यांनी अमोनियम दिलेल्या टोमॅटोत मर लांबलेली पाहिली. जे सूक्ष्मदर्शकात दिसलं ते कुंडीतही दिसलं, म्हणून मला हे काम फार आवडतं.

पद्धत साधी, पण हात हलका हवा. किमान माध्यमाच्या प्लेटवर निर्जंतुक सेलोफेनची चकती अंथरायची, मधोमध बीजाणूंचा थेंब. काही दिवसांनी चिमट्याने चकतीची एक कड धरून ती वसाहतीसकट एका झटक्यात न ओढता हळूहळू, गुंडाळत उचलायची. खाली अगर कोरा दिसतो. प्लेट परत इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी जिथे तंतू भेदून गेले असतील तिथे पांढरी लव उगवते.

माध्यमाचा सामू (पीएच) बफरने धरून ठेवला आहे. बुरशी अमोनियम घेते तेव्हा माध्यम आम्लधर्मी होतं, आणि फ्युझारियम स्वतः भोवतीचा भाग अल्कधर्मी करून रोग वाढवते हे २०१६ पासून माहीत आहे. ती वनस्पतींच्या राल्फ संप्रेरकासारखं पेप्टाइड सोडते. बफर नसेल तर जे दिसेल ते नत्राचं की सामूचं, हे कधीच कळणार नाही. मॅडमनी पहिल्याच आराखड्यावर लाल पेनाने “सामू?” एवढंच लिहिलं होतं.

स्रोत: नायट्रेट, अमोनियम, ग्लुटामिन, अ‍ॅस्परॅजिन, अ‍ॅलँटॉइन.

८ जानेवारी

नायट्रेट: सेलोफेनखाली दाट लव. अमोनियम: कोरं. इथवर आमची हरभऱ्यावरची बुरशी टोमॅटोच्या बुरशीसारखीच वागते. ग्लुटामिन: जवळजवळ कोरं. अ‍ॅस्परॅजिन: मधली स्थिती, विरळ ठिपके, पण आहेत. अ‍ॅलँटॉइनवर वाढ सावकाश, पण भेदन चांगलं.

अमोनियमच्या काही प्लेटमध्ये मेथिओनिन सल्फॉक्सिमिन घातलं होतं. ते ग्लुटामिन बनवणारं विकर बंद करतं. तिथे भेदन काही अंशी परतलं. कोर्दोबाच्या कामातही हेच आहे. दडपणारी गोष्ट अमोनियम नसून त्यापासून बनणारं ग्लुटामिन असावं, असं यातून दिसतं.

मग कोडं उभं राहतं. ग्लुटामिन असलं की ही बुरशी भेदत नाही, आणि हरभऱ्याच्या जलवाहिन्यांत तर ग्लुटामिन आहे. तरी झाड मरतंच.

मॅडमशी यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, “अगं, भेदायचं कुठे असतं? मुळाच्या सालीत. जलवाहिनीत पोचल्यावर भेदायला उरतं काय?” हे पटलं. चिकटणं, तंतू जोडणं, भेदणं ही कामं मुळाच्या पृष्ठभागावरची, जिथे भोवती मातीतलं नायट्रेट आहे. आत पोचल्यावर तग धरणं आणि वाढणं एवढंच. पहिली भूक दाराशी आणि दुसरी घरात, असं कामांचं वाटप असू शकतं. आता दुसऱ्या भुकेची परीक्षा घ्यायची.

२१ जानेवारी

३-अमिनोट्रायझोल हिस्टिडिन बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर अडवतं. सीपीसी यंत्रणा धड असेल तर बुरशी त्या विकराचं उत्पादन वाढवते आणि माफक मात्रा पचवते. यंत्रणा मोडकी असेल तर वाढ खुंटते. जीसीएन-४ शोधला गेला त्या काळापासूनची ही चाचणी आहे, आणि तिला एका रसायनापलीकडे फारसं काही लागत नाही.

आमची बुरशी कमी मात्रेवर आरामात वाढली. मात्रा चढवत गेलो तशी वसाहत लहान, आणि शेवटी फक्त पारदर्शक, हवेतले तंतू नसलेली चकती. त्याच प्लेटमध्ये हिस्टिडिन घातलं की पुन्हा गुबगुबीत. म्हणजे परिणाम हिस्टिडिनच्या टंचाईचाच, विषारीपणाचा नाही. ही जोडी नसती तर मी या चाचणीवर विश्वास ठेवला नसता.

ग्लुटामिन अधिक ३-अमिनोट्रायझोल अशा प्लेटवर सेलोफेनही लावलं. भेदन नाही. वसाहत मंद वाढते म्हणून नाही असंही असू शकतं, त्यामुळे ती साध्या ग्लुटामिनच्या वसाहतीएवढी मोठी होईपर्यंत थांबून मग चकती उचलली. तरी कोरं. हिस्टिडिनची भूक पेटली तरी ग्लुटामिनची मनाई उठत नाही. दोन भुका एकमेकींच्या जागी येत नाहीत, निदान या प्लेटवर तरी.

२४ जानेवारी

क्लोरेट माध्यमावर बुरशीच्या वसाहतीतून वेगाने बाहेर पळणारे पंख्याच्या आकाराचे भाग दिसले, ते उचलले. हे नायट्रेट वापरू न शकणारे उत्परिवर्ती. जनुकअभियांत्रिकीशिवाय मिळतात. नायट्रेटवर अगदी विरळ, हायपोझँथिन या प्युरीनवरही विरळ असणारे वेगळे ठेवले, ते मॉलिब्डेनम सहघटकाचे. असे उत्परिवर्ती एरवी ओळखखूण म्हणून वापरतात कारण त्यांची रोगकारकता सहसा जात नाही. दाराशी नायट्रेटची खूण वाचणं आणि नायट्रेट खाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवायचं.

१७ फेब्रुवारी

कुंड्यांचा निकाल. रोपं उपटून, मुळांची टोकं छाटून, मिलिलिटरला दहा लाख बीजाणूंच्या द्रावणात बुडवून पुन्हा लावली होती. वाळू ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू नकोत. अर्ध्यांना नायट्रेटचं पोषण द्रावण, अर्ध्यांना अमोनियमचं, सामू दर दोन दिवसांनी तपासून. रात्री नागपुरात अजून गारठा असतो आणि या बुरशीला २५ ते ३० अंश मानवतात, म्हणून कुंड्या पॉलीहाऊसमध्ये.

नायट्रेटच्या कुंड्यांत जेजी ६२ आधी झुकली. खालची पानं, मग शेंडा, मग सगळं झाड एका अंगाला. अमोनियमच्या कुंड्यांत तीच लक्षणं उशिरा आली. आली मात्र सगळीकडे. डब्ल्यूआर ३१५ दोन्हीकडे ताठ. मेलेल्या झाडांतून तीच बुरशी पुन्हा वेगळी झाली. सिसेरिस प्रकार यावर आता शंका नाही. नायट्रेट न वापरणाऱ्या उत्परिवर्तींनीही झाडं मारली.

मॅडम म्हणाल्या, “उशीर झाला म्हणजे झाड वाचलं असं लिहू नकोस.” नाहीच लिहिणार.

२२ फेब्रुवारी

काकांकडे जाऊन आले, शब्द दिला होता म्हणून. हरभरा काढणीला आलेला. सांगितलं ते असं: वाळूच्या कुंडीत अमोनियमने मर लांबते, थांबत नाही. तुमच्या काळ्या जमिनीत युरिया पडला की तो अमोनियम होतो, आणि जिवाणू काही आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. मग उरतं नायट्रेटच, ज्यावर ही बुरशी भेदायला तयार असते. शिवाय जादा नत्राने हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात. शिफारस आहे तेवढंच, हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, त्यापुढे नको. मरीसाठी टिकणारं वाण, बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि त्या पट्ट्यात काही वर्षं हरभरा टाळणं, हेच.

काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मंग पुढच्या साली त्या पट्ट्यात गहू टाकतो.” त्यांनी माझ्या प्लेटच्या फोटोंतला नायट्रेटचा आणि अमोनियमचा फोटो मोबाइलवर मागून घेतला.

१० मार्च

आरएनएचं काम. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच मांडून ठेवते, कारण हा सापळा सहज लागतो. सीपीसी-१ चं नियमन मोठ्या प्रमाणावर संदेशातून प्रथिन बनण्याच्या पायरीवर होतं. त्या जनुकाचा संदेश मोजला आणि तो वाढलेला दिसला नाही, तर यंत्रणा झोपली आहे असा अर्थ निघत नाही. म्हणून सीपीसी-१ ऐवजी ते ज्यांना चालू करतं ती जनुकं मोजायची: हिस्टिडिन, आर्जिनिन आणि ट्रिप्टोफॅन मार्गांतली. त्यांच्या आरंभापाशी टीजीएसीटीसी हा डीएनएचा क्रम, म्हणजे सीपीसी-१ बसण्याची बैठक, आहे का हेही जीनोममध्ये शोधून ठेवलं. पहिल्या भुकेसाठी नायट्रेट रिडक्टेजचं जनुक.

रोगट खोडातल्या आरएनएत बहुतेक हरभऱ्याचंच असतं, बुरशीचा वाटा चिमूटभर. त्यामुळे तुलना बुरशीच्याच कायम चालणाऱ्या जनुकांशी.

नायट्रेटच्या द्रव माध्यमाच्या तुलनेत खोडात नायट्रेट रिडक्टेज खाली. हिस्टिडिन आणि आर्जिनिन मार्गांची जनुकं वर. ट्रिप्टोफॅनचं अनिश्चित, दोन झाडांत वर, बाकीच्यांत जागच्या जागी. पहिली भूक भागलेली, दुसरी पेटलेली, या कल्पनेशी हे जुळतं. सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. ती जनुकं वर जाणं आणि त्यावाचून रोग न होणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर जनुक काढून टाकल्याशिवाय भरत नाही.

१९ मार्च

जीनोमचा एक धागा. टोमॅटोवरच्या फ्युझारियमचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी गोष्ट कळली. रोग कोणत्या पिकावर करायचा हे ठरवणारी जनुकं काही जादा गुणसूत्रांवर असतात, आणि असं एक गुणसूत्र, चौदावं, निरुपद्रवी वाणात गेलं तर तेही टोमॅटोला मर आणू शकतं. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष त्या गुणसूत्रांकडे आणि तिथल्या ‘सिक्स’ नावाच्या (जलवाहिनीत स्रवणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांकडे आहे. एआरई-ए, मिया-बी, सीपीसी-१ ही मात्र मूळ गुणसूत्रांवरची, प्रत्येक फ्युझारियममध्ये असणारी. ती रोगाची जनुकं म्हणून मोजली जात नाहीत. पण पिकाची ओळख पटवणारी हत्यारं कितीही असली, तरी जलवाहिनीत हिस्टिडिन बनवता आलं नाही तर बुरशी तिथे जगणार कशी? माझ्या मते या “साध्या” जनुकांचा रोगातला वाटा कमी लेखला गेला आहे. मॅडमना हे वाक्य प्रबंधात जसंच्या तसं नको आहे, पुरावा आल्यावर घालू म्हणाल्या. इथे ठेवते.

२ एप्रिल

सीपीसी-१ आणि जीसीएन-२ च्या जुळ्याला स्वतंत्रपणे काढून टाकण्याचा प्रस्ताव संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे दिला. दोन्ही स्वतंत्रपणे का, तर अ‍ॅस्परजिलसमधला २००४ आणि २००८ चा फरक. नियामक काढल्यावर मर सौम्य झाली आणि ओळखणारं विकर काढल्यावर झाली नाही, तर हरभऱ्याच्या खोडातही मूळ पातळीच पुरते असं म्हणता येईल. दोन्हींनी सौम्य झाली, तर जलवाहिनी हे फुप्फुसापेक्षा वेगळं, जास्त टंचाईचं ठिकाण आहे. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी लिहिण्याजोगं आहे.

बुरशीचं संवर्धन पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहात जमा करण्यासाठी तिरक्या नळ्या तयार केल्या. उन्हाळ्याच्या आत पाठवायचं, मे महिन्यात नागपुरातून कुरियरने जिवंत काही पाठवणं जोखमीचं.

खरिपात तूर. फ्युझारियम उडमसाठी वावर शोधायला सुरुवात केली आहे, उमरेडच्या बाजूला एक-दोन ठिकाणं कळली आहेत. सेलोफेन आणि अ‍ॅलँटॉइन दोन्ही मागवायचं.